मुलांच्या वस्तूमुळे इजा झाल्यास : ती वस्तू टाकू नका, दुरुस्तही करू नका

पाळण्याच्या बिजागरीत बोट चेमटले, बाबागाडी मूल आत असतानाच दुमडली, खेळण्याचा डोळा निघून तोंडात गेला, अशा तक्रारी घेऊन आमचे ग्राहक येतात तेव्हा बहुतेक वेळा मोडकी वस्तू त्यांच्यासोबत नसते. रागाच्या भरात कोणी ती फेकून दिलेली असते, तर कोणी नवा स्क्रू घालून पुन्हा वापरात आणलेली असते. हा राग आम्हाला समजतो. परंतु वस्तू गेली की दोष जुळणीत होता, सुट्या भागात होता की मूळ रचनेतच, हे सांगणे जवळजवळ अशक्य होते आणि उत्पादकाला त्या तक्रारीतून अंग काढून घेणे सोपे जाते.

आधी अर्थातच मुलाकडे पाहावे. बटण बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये आणि तातडीने रुग्णालय गाठावे, कारण अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकते. एकापेक्षा जास्त चुंबक पोटात गेले असतील तरीही थांबू नये. ते आतड्याचे पदर मध्ये धरून एकमेकांना चिकटतात.

मूल सावरले की वस्तू न धुता, न जोडता, निखळलेल्या तुकड्यांसह पिशवीत बंद करून मुलांपासून दूर ठेवावी. वस्तूच्या तळाशी किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवरील मॉडेल आणि बॅच क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यातून सुटलेला तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठराविक नळकांड्यात पूर्ण मावला, तर त्याने मूल गुदमरू शकते असे धरले जाते. ही तपासणी तुकडा हातात असल्याशिवाय होत नाही. मुलाचे वय, इजेचे स्वरूप, वस्तू कशी वापरली जात होती आणि तिची आधी दुरुस्ती झाली होती का, हेही लिहून ठेवावे. वापरात आपली चूक झाली असे वाटले तरी ती लपवू नये, कारण अनेकांकडून तीच चूक होत असेल तर रचनाच बदलायला हवी.

बदली वस्तू देण्यापूर्वी आम्ही ही सारी माहिती मागतो, त्याचा काहींना त्रास होतो. तरीही ही पद्धत आम्ही सोडणार नाही. एका बाजूचा कठडा खालीवर सरकणाऱ्या पाळण्यांची निर्मिती आणि विक्री अमेरिकेत २०११ साली बंद झाली, त्यामागे कठडा निसटल्याच्या पालकांनी कळवलेल्या घटना होत्या. आपली तक्रार आम्ही उत्पादकाकडे पाठवतो. ग्राहक सुरक्षा यंत्रणेकडे ती आपण स्वतःही नोंदवावी, त्या अर्जासाठी आम्ही मदत करतो. इजा न होता थोडक्यात निभावले असेल, तरीही कळवावे.

आमच्या प्रत्येक पावतीवर बॅच क्रमांक लिहिलेला असतो, त्यामुळे एखादी वस्तू परत मागवली गेल्यास आम्ही आपल्याला शोधून कळवू शकतो. वस्तू दुसऱ्या कुटुंबाला देताना पावतीही सोबत द्यावी आणि नव्या घरचा संपर्क आमच्याकडे नोंदवावा.