कायम निवासी दर्जा आणि परदेशातील तात्पुरती नोकरी

एखाद्या देशाने कायम वास्तव्याची मुभा दिलेल्या परकीय नागरिकाने कामानिमित्त काही काळ त्या देशाबाहेर राहूनही ती मुभा न गमावणे, याला कायम निवासी दर्जा राखणे असे म्हणतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः अमेरिकेच्या ग्रीन कार्डाविषयी आहे.

कोल्हापुरात हा प्रश्न कसा उद्भवतो, हे इथल्या उद्योगाकडे पाहिले की कळते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्यांमधून कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, परदेशात जातात. माल घेणाऱ्या अमेरिकन कंपनीत नोकरीला असलेला, मूळचा इथलाच अभियंता दीड-दोन वर्षांसाठी इकडे पाठवला जातो. त्याला भाषा येते, माणसे ओळखीची असतात आणि घरी आईवडीलही असतात. तो आल्यावर नातेवाइकांकडून मिळणारा सल्ला ठरलेला असतो : सहा महिन्यांनी एक फेरी मारून यायची, कार्ड शाबूत राहते. हा सल्ला अर्धवट आहे आणि म्हणूनच घातक आहे.

कॅनडाचा हिशेब सरळ दिवसांचा असतो. तिथे पाच वर्षांत ७३० दिवस भरावे लागतात, आणि कॅनडातील कंपनीने पूर्णवेळ कामावर बाहेर पाठवले असेल, तर ते दिवसही अटींनुसार धरले जातात. ब्रिटनमध्ये सामान्यतः सलग दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास कायम वास्तव्याची परवानगी संपते. अमेरिकेत मात्र दिवसांबरोबर हेतूही तपासला जातो. तिथला १९५२ चा स्थलांतर व नागरिकत्व कायदा असे धरून चालतो की, कायम निवासी व्यक्ती ‘तात्पुरत्या भेटी’वरून परत येत आहे; ती भेट तात्पुरती होती की नव्हती, हाच वादाचा मुद्दा असतो. न्यायालयांनी लावलेली कसोटी अशी की, बाहेरचा मुक्काम ठरावीक अल्प मुदतीचा असावा, किंवा नजीकच्या काळात घडण्याची वाजवी शक्यता असलेल्या एखाद्या घटनेशी त्याचा शेवट बांधलेला असावा. तिथल्या स्थलांतर अपील मंडळाने १९७५ मध्ये केन प्रकरणात निकाल दिला, त्यातील बाई वर्षातले सुमारे अकरा महिने जमैकात आपले लॉजिंग चालवीत आणि उरलेला काळ अमेरिकेत घालवीत. त्यांचा दर्जा टिकला नाही. दरवर्षी मारलेली फेरी हे वास्तव्य ठरत नाही, हे या निकालातून पुरेसे उघड होते.

तरीही दिवसांच्या मर्यादा दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. १९९६ च्या दुरुस्तीनुसार सलग १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या कायम निवासी व्यक्तीकडे नव्याने प्रवेश मागणारी म्हणून पाहता येते आणि तिची चौकशी अधिक कसून होऊ शकते. एक वर्ष उलटल्यावर तर परत येण्यासाठी केवळ कार्ड पुरत नाही, मग त्यावरची दहा वर्षांची मुदत शिल्लक असली तरी.

यासाठी री-एंट्री परमिट, म्हणजे पुनर्प्रवेश परवाना, घेतला जातो. पासपोर्टासारखी ही लहान पुस्तिका जास्तीत जास्त दोन वर्षे चालते आणि तिची मुदत वाढवून मिळत नाही. गेल्या पाच वर्षांपैकी चारांहून अधिक वर्षे बाहेर गेली असतील, तर सामान्यतः एकच वर्षाचा परवाना मिळतो. आय-१३१ हा अर्ज करताना अर्जदार अमेरिकेतच असावा लागतो. कोल्हापूरला पोहोचल्यावर, सामान लावून झाल्यावर, सावकाश भरू म्हटले तर ती वाट बंद झालेली असते. परवाना असला म्हणजे हेतू सिद्ध झाला असेही नाही; एवढेच की, केवळ गैरहजेरीच्या कालावधीवरून दर्जा सोडला असे ठरवता येत नाही.

हेतू सिद्ध होतो तो कागदांनी, आणि त्यांतला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे कंपनीचे नेमणूकपत्र. ‘प्रकल्प पूर्ण होईपर्यंत’ असे मोघम पत्र जवळजवळ निरुपयोगी असते. नेमणूक कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या कामासाठी आणि त्यानंतर अमेरिकेतील कोणत्या पदावर परत जायचे, हे पत्रात स्पष्ट असावे. त्याच्या जोडीला तिथले घर किंवा भाडेकरार, चालू बँक खाते, वाहन परवाना आणि कुटुंब कुठे राहते याचा पुरावा लागतो. तिकडचे घर विकून, मुलांना इकडच्या शाळेत घालून, ताराबाई पार्कात फ्लॅट घेतलेल्या माणसाला ‘मी तात्पुरता आलो आहे’ हे पटवून देणे फार कठीण जाते.

कराच्या बाबतीत चूक सहज होते. ग्रीन कार्डधारक जगात कुठेही राहिला, तरी त्याला अमेरिकेत रहिवासी म्हणून आपल्या एकूण जागतिक उत्पन्नाचे विवरणपत्र भरावे लागते. भारतात वर्षभरात १८२ दिवस भरले की तो इथेही रहिवासी ठरतो. दुहेरी कराचा भार दोन्ही देशांतील करारामुळे आणि भरलेल्या कराच्या वजावटीमुळे हलका होतो. पण कर वाचवण्यासाठी अमेरिकेत अनिवासी म्हणून विवरणपत्र भरणे म्हणजे दर्जा सोडल्याची कबुली आपल्या सहीने देण्यासारखे आहे. परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते, आणि त्यात वडिलांबरोबरचे जोडखातेही धरले जाते.

नागरिकत्वाची गणना याहून वेगळी आहे. त्यासाठी पाच वर्षांचे अखंड वास्तव्य आणि त्यांतील किमान ३० महिने प्रत्यक्ष हजेरी लागते. वर्षभराच्या गैरहजेरीने अखंडपणा तुटतो, आणि पुनर्प्रवेश परवान्याने तो वाचत नाही. त्यासाठी एन-४७० हा स्वतंत्र अर्ज आहे. तो अमेरिकन सरकार, परकीय व्यापार वाढवणाऱ्या अमेरिकन कंपन्या, मान्यताप्राप्त संशोधन संस्था अशांच्या सेवेत बाहेर गेलेल्यांनाच करता येतो, आणि त्याआधी अमेरिकेत सलग एक वर्ष काढलेले असावे लागते.

बाळंतपणाचा मुद्दा माहेरपणाच्या रिवाजामुळे इथे विशेष महत्त्वाचा ठरतो. कायम निवासी आईला तात्पुरत्या मुक्कामात बाहेर मूल झाले, तर दोन वर्षांचे होण्याआधी, जन्मानंतर अमेरिकेला पहिल्यांदाच परतणाऱ्या पालकासोबत त्याला स्थलांतरित व्हिसाविना नेता येते. मुलाचा पासपोर्ट आणि आईचे नाव असलेला जन्मदाखला मात्र जवळ हवा. ही पहिली फेरी आई बाळाला आजीकडे ठेवून एकटीने करून आली, तर सवलत हातची जाऊ शकते.

विमानतळावर अधिकाऱ्याने दर्जा सोडल्याचा आय-४०७ हा अर्ज पुढे केला, तरी त्यावर सही करणे बंधनकारक नाही. सही नाकारणाऱ्याला स्थलांतर न्यायाधीशापुढे सुनावणीचा हक्क आहे, आणि तिथे दर्जा सोडल्याचे स्पष्ट, निःसंदिग्ध व पटण्याजोग्या पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. प्रवासाने शिणलेली माणसे हे ठाऊक नसल्याने सही करून मोकळी होतात, याचे वाईट वाटते.

परवान्याविना वर्ष उलटून गेले, तर परतणाऱ्या रहिवाशाचा एसबी-१ व्हिसा एवढाच मार्ग मुख्यत्वे उरतो. त्यासाठी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जावे लागते. निघताना परत येण्याचा हेतू होता आणि मुक्काम आपल्या हाताबाहेरच्या कारणाने लांबला, हे तिथे दाखवावे लागते. स्वतःचे गंभीर आजारपण अशा कारणांत बसू शकते; प्रकल्प लांबला म्हणून स्वखुशीने वाढवून घेतलेली नेमणूक त्यात बसवणे अवघड जाते.