खिडकीसाठी राबणारी माकडे

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९५३ साली रॉबर्ट बटलर या मानसशास्त्रज्ञाने ऱ्हीसस माकडांना एकेकटे बंद पेटीत बसवले. उत्तर भारतात देवळांभोवती दिसतात तीच ही लाल तोंडाची माकडे. पेटीला दोन छोटी दारे होती, एकावर पिवळा पुठ्ठा आणि दुसऱ्यावर निळा. ठरलेल्या रंगाचे दार ढकलले की ते उघडे आणि माकडाला अर्धा मिनिट बाहेरची प्रयोगशाळा दिसे. चुकीचे दार ढकलले की मध्ये पडदा येई. बक्षीस म्हणून ना शेंगदाणे होते, ना केळे. तरीही माकडे रंग ओळखायला शिकली आणि तासन्‌तास दारे ढकलत राहिली. पुढे बटलरने बाहेरचे दृश्य बदलून पाहिले. तिथे काहीच नसले तर माकडांचा उत्साह कमी होई. धावती खेळण्यातली आगगाडी किंवा दुसरे माकड असले तर ती पुन्हा पुन्हा दार उघडत.

हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. प्राणी शिकतात ते भूक, तहान भागवण्यासाठी नाहीतर वेदना टाळण्यासाठी, असे तेव्हाचे अनेक मानसशास्त्रज्ञ धरून चालत होते. बाहेर डोकावून कुणाचे पोट भरत नाही. मग त्या अर्ध्या मिनिटासाठी माकड एवढे का राबते? नवे काही दिसणे हीच त्याची कमाई होती, याखेरीज दुसरे उत्तर सापडत नाही.

माणसाच्या बाबतीत ही ओढ किती लवकर दिसू लागते, हे रॉबर्ट फँट्झने १९६४ साली दाखवले. तान्ह्या बाळाला विचारणार तरी कसे? फँट्झने बाळांना पाठीवर निजवून वर दोन चित्रे शेजारी शेजारी दाखवली आणि एका छिद्रातून त्यांच्या डोळ्यांवर नजर ठेवली. बुबुळात ज्या चित्राचे प्रतिबिंब दिसे, तिकडे बाळ पाहते आहे असे समजायचे आणि वेळ मोजायचा. दोनपैकी एक चित्र दर वेळी तेच राही, दुसरे दर वेळी बदले. दोन महिन्यांवरची बाळे जुन्या चित्राकडे हळूहळू कमी आणि नव्याकडे जास्त पाहू लागली. ज्याला अजून मानही नीट धरता येत नाही, ते मूल काय पाहून झाले आणि काय राहिले याचा हिशेब ठेवत होते! बाळांच्या आकलनावरचे कितीतरी संशोधन पुढे याच युक्तीवर उभे राहिले.

या वेळी मेंदूत काय होते? इथे डोपामिनचे, म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी वापरतात त्या एका रसायनाचे, नाव येतेच, पण त्याला सरसकट ‘आनंदाचे रसायन’ म्हणणे चुकीचे आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे संदेश टिपले, तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. फळाच्या रसाचा थेंब अवचित मिळाला की या पेशी जोरात संदेश सोडत. दिवा लागला की रस मिळतो, हे माकडाला कळल्यावर मात्र रस मिळताना त्या गप्प राहू लागल्या आणि दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचे काम नेहमीपेक्षाही मंदावे. म्हणजे या पेशी गोडीपेक्षा अंदाज किती चुकला हे कळवतात. आणि अंदाज चुकतो तिथेच शिकण्यासारखे काही असते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या निको बुन्झेक आणि एम्राह ड्युझेल यांनी २००६ साली माणसांवर याच्याशी जोडलेला एक प्रयोग केला. नेहमीच्या चित्रांच्या मालिकेत अधूनमधून वेगळी चित्रे येत. काही मन अस्वस्थ करणारी होती, काही दिसताच बटण दाबायचे होते, काही नुसतीच नवी होती. मेंदूच्या खोल भागातल्या डोपामिनच्या केंद्राला जाग आली ती मुख्यतः नव्या चित्रांनी. त्यानंतर दोन वर्षांनी तिथल्याच एका अभ्यासात लोकांना चित्रे निवडून पैसे जिंकायचे होते. चित्र ओळखीचे की अनोळखी, याचा जिंकण्याशी काही संबंध नव्हता, तरी लोक अनोळखी चित्रांकडे झुकले. तीच बिस्किटे नव्या वेष्टनात घालून का विकतात, ते यावरून कळावे.

आता नव्याच्या या ओढीच्या मुळाशी जाऊ. कोआला जवळजवळ फक्त निलगिरीची पाने खातो. ‘आज काय खावे’ हा प्रश्न त्याच्यापुढे नसतो. उंदीर आणि माणूस मात्र काहीही खाऊन जगू शकतात, म्हणून कुठेही राहू शकतात. त्यासाठी अनोळखी गोष्ट चाखून पाहावी लागते, आणि ती विषारीही असू शकते. उंदीर त्यावर कसा मार्ग काढतो, हे धान्याच्या कोठारात विष ठेवणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. तो नव्या खाण्याला आधी बिचकतो, मग जरासेच कुरतडतो आणि त्रास झाला तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. झटपट परिणाम करणारी विषे म्हणूनच फसतात, आणि काही दिवसांनी काम करणारी औषधे वापरावी लागतात. नव्याची ओढ आणि नव्याचा धसका, दोन्ही एकाच प्राण्यात नांदतात. आपलेही तसेच आहे. वर्षभराचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते आणि दोन-तीन वर्षांचे झाले की शेपूची भाजी पाहून तोंड फिरवते. आईवडिलांना हा हट्ट वाटतो. पण मूल स्वतःच्या पायांनी आईच्या नजरेआड जाऊ लागते ते याच सुमारास. वाटेत दिसलेले प्रत्येक पान किंवा फळ खाणारे मूल जंगलात टिकले नसते. तीच भाजी सक्ती न करता थोडी थोडी पुन्हा पुन्हा चाखायला दिली, की बहुतेक मुले ती स्वीकारतात. ओळख झाली की भीती ओसरते.

तेव्हा नवे म्हणजे नेहमीच हवेसे, असे नाही. सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली सात-आठ महिन्यांच्या बाळांना पडद्यावर काही घटनांच्या मालिका दाखवल्या. पुढे काय येणार हे अगदी उघड असले, तर बाळे नजर काढून घेत. काहीच अंदाज बांधता येत नसला, तरीही काढून घेत. ती टिकून राहत मधल्या टप्प्यावर. भजनाची चाल माहीत असली की गायकाने घेतलेली नवी जागा सुखावते. सगळेच अनोळखी असले तर कान शिणतात.

‘साहसाचा जनुक’ सापडल्याच्या बातम्या मात्र जपून वाचाव्यात. डोपामिनच्या एका ग्राहीच्या, म्हणजे पेशीवर त्याचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकाचा एक प्रकार आणि नव्याची आवड यांचा संबंध १९९६ साली मांडला गेला आणि खूप गाजला. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तो फार क्षीण ठरला.

मला सर्वांत जास्त रस आहे तो नव्याच्या एका वेगळ्याच परिणामात. ब्युनोस आयर्समधल्या दिएगो मोंकादा आणि हायडे व्हियोला यांनी २००७ साली उंदरांना एक धडा इतका हलका दिला, की दुसऱ्या दिवशी तो त्यांना आठवायला नको होता. पण धड्याच्या आधी किंवा नंतर तासाभरात उंदराला पाच मिनिटे अनोळखी जागेत फिरू दिले, तर धडा पक्का झाला. डोपामिनची वाट औषधाने अडवली की हा परिणाम नाहीसा होई. नव्या जागेने मेंदूत जी प्रथिने तयार होतात, ती शेजारच्या दुबळ्या आठवणीच्याही कामी येतात, असा याचा अर्थ लावला जातो.

यानंतर हेच अर्जेंटिनातल्या प्राथमिक शाळांत, मुलांवर करून पाहिले गेले. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. बाईंनी वर्गात गोष्ट वाचून दाखवली. काही वर्गांना त्याच्या तासभर आधी किंवा नंतर विज्ञानाचा किंवा संगीताचा एक अनपेक्षित, वेगळाच तास मिळाला. गोष्टीचा त्या तासाशी काडीचाही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा या मुलांना गोष्टीतले तपशील अधिक आठवले. तोच तास चार तासांच्या अंतराने घेतला, तर काही फरक पडला नाही. मुलांना त्या तासाची आधीच ओळख करून दिली, तेव्हाही पडला नाही. आपल्या शाळांत चित्रकलेचा किंवा गाण्याचा तास कुठे बसवायचा, हे बहुधा शिक्षक कधी मोकळे आहेत यावर ठरते, आणि परीक्षा जवळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते.