भित्तिलगतचे भोवरे व उष्णता संक्रमण

संक्षुब्ध (अनियमित खळबळीच्या) प्रवाहात घन पृष्ठभागाच्या (भिंतीच्या) अगदी जवळ, प्रवाहाच्या दिशेने लांबट पडलेले भोवरे तयार होतात. पृष्ठभाग व द्रायू (द्रव किंवा वायू) यांच्यातील उष्णतेची देवाणघेवाण बरीचशी त्यांच्यावर अवलंबून असते.

पृष्ठभागाला टेकलेला द्रायू हलत नाही, म्हणून तेथे उष्णता केवळ वहनाने पुढे सरकते. भोवरा तेथवर पोचतच नाही. तो वहनाचा थर एका बाजूला दाबून पातळ करतो आणि दुसऱ्या बाजूला उचलून जाड करतो. पातळ जागी उष्णतेचा ओघ जितका वाढतो तितका तो जाड जागी घटत नाही. सरासरी वाढते ती यामुळे.

२५ मिमी. व्यासाच्या गुळगुळीत नळीतून २०° से. तापमानाचे पाणी सेकंदाला १ मी. वेगाने वाहत असेल, तर श्यान उपथर (भिंतीलगतचा, श्यानतेचा वरचष्मा असलेला पातळ थर) जेमतेम ०·१ मिमी., भोवऱ्यांचा व्यास सु. अर्धा मिमी. आणि भोवऱ्यांनी उचललेल्या संथ पाण्याच्या लांबट पट्ट्यांमधील सरासरी अंतर सु. २ मिमी. येते. हे अंतर म्हणजे सु. १०० भित्ति-एकके (एक एकक = शुद्धगतिक श्यानता भागिले घर्षणवेग; शुद्धगतिक श्यानता म्हणजे श्यानता भागिले घनता, घर्षणवेग म्हणजे भिंतीवरील घर्षण-प्रतिबल भागिले घनता याचे वर्गमूळ). अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लाइन व सहकाऱ्यांनी बारीक तारेवर हायड्रोजनाचे बुडबुडे सोडून या पट्ट्या पाहिल्या (१९६७). भिंत तापलेली असेल तर संथ पट्टी गरमही असते. ती वर उचलली जाते, डळमळते आणि फुटते. या घटनेला उद्रेक म्हणतात.

दोन उद्रेकांमधील काळ कशावर ठरतो, याबद्दल मतभेद आहेत. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, नरसिंह व बद्री नारायणन् यांनी १९७१ मध्ये तो सीमास्तराची (भिंतीमुळे वेग मंदावलेल्या थराची) जाडी व त्याच्या बाहेरील वेग यांच्याशी जोडला. ब्लॅकवेल्डर व हॅरिटोनिडिस (१९८३) यांच्या मते वेग मोजणारी तार २० भित्ति-एककांहून लांब असल्यास लहान घटना निसटतात; पुरेशी आखूड तार वापरल्यावर त्यांना हा काळ भिंतीजवळच्या मापांशी जुळलेला आढळला. तारेच्या लांबीचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि उद्रेक कोणत्या निकषाने मोजावा हे प्रत्येक गटागणिक बदलते, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना जपूनच करावी.

भोवऱ्यांच्या उगमाविषयीही एकमत नाही. थिओडोरसन यांनी १९५२ मध्ये नालाकृती भोवरा कल्पिला. हेड व बंद्योपाध्याय (१९८१) यांना धुराच्या प्रयोगात केसांच्या आकड्यासारखे, भिंतीशी सु. ४५° कललेले भोवरे दिसले. खिमेनेझ व पिनेल्ली यांच्या संगणकीय प्रयोगांत (१९९९) मात्र बाहेरची संक्षुब्धता काढून टाकली तरी भिंतीजवळचे पट्ट्या-भोवरे चक्र चालूच राहिले. त्यामुळे केसांच्या आकड्यासारखा अखंड भोवरा असलाच पाहिजे हा आग्रह येथे अनावश्यक वाटतो.

उद्रेकागणिक भिंतीवरचा द्रायू पूर्णपणे बदलतो असे मानले, तर उष्णता संक्रमण प्रांट्ल अंकाच्या (शुद्धगतिक श्यानता भागिले उष्णता पसरण्याचा गुणांक) १/२ घातानुसार वाढावे. प्रांट्ल अंक मोठा असताना प्रत्यक्षात घात १/३ च्या जवळ येतो, म्हणजे नूतनीकरण भिंतीपर्यंत पुरते होत नाही. हवेत (प्रांट्ल अंक सु. ०·७) वेग व तापमान यांचे चढउतार भिंतीजवळ जवळपास एकाच ठशाचे असतात, म्हणून उष्णता व संवेग एकाच रीतीने वाहून नेले जातात हे रेनल्ड्झ यांचे साधर्म्य (१८७४) तेथे बरेचसे लागू पडते. द्रवरूप सोडियमासारख्या धातूंत वहनच इतके जोरदार असते की या बारीक भोवऱ्यांचा प्रभाव फिका पडतो.