महामार्गावरच्या वजननोंदी : अमेरिकी पेव्हमेंट अभ्यासाची पार्श्वभूमी

इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या रस्ता-चाचणीत ट्रकांची वजनेही ठरलेली होती आणि फेऱ्याही. रस्त्याचे नुकसान अ‍ॅक्सलभाराच्या (चाकांच्या एका आसावर येणाऱ्या वजनाच्या) साधारण चौथ्या घाताने वाढते, हा नियम तिथूनच आला.

१९८७ पासून अमेरिका-कॅनडातल्या रस्त्यांच्या अडीच हजारांवर तुकड्यांचे निरीक्षण सुरू झाले, तेव्हा ती सोय उरली नाही. वाहतूक खरीखुरी होती आणि मोजणी राज्यांवर सोपवलेली. अनेक तुकडे आधीपासून वापरात असल्याने त्यांच्या मागच्या वर्षांची वाहतूक अंदाजानेच भरावी लागली. धावत्या ट्रकचे वजन घेण्यासाठी स्वस्त म्हणून पिझो पट्ट्या (दाब पडला की विद्युतसंकेत देणाऱ्या) बऱ्याच ठिकाणी बसल्या. तापमान बदलले की त्यांचा संकेत बदलतो. पहाटे आणि दुपारी तोच ट्रक वेगळा भरतो.

त्यावर तोडगा म्हणून स्वयं-कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राने स्वतःच आपले माप जुळवून घेणे, आले आणि खरा घोळ इथेच झाला. पाच अ‍ॅक्सलच्या सेमीट्रेलरच्या पुढच्या अ‍ॅक्सलचा भार माल असो-नसो, फारसा हलत नाही. यंत्र त्याची सरासरी एका गृहीत आकड्याशी जुळवून गुणक बदलत राहते. ट्रक तुरळक असतील तर सरासरी जमेपर्यंत तापमान पुढे गेलेले असते. गृहीत आकडाच त्या मार्गावरच्या ट्रकांना लागू नसेल तर सगळी वजने एकाच दिशेने सरकतात. वर पडताळणीही पुढच्याच अ‍ॅक्सलवरून केली, तर चूक दिसणारच नाही. वजन १० टक्के जास्त नोंदले की हिशेबातले नुकसान ४६ टक्क्यांनी फुगते. संशोधनासाठी ही पद्धत वापरायलाच नको होती.

एकूण वजनाचा आलेख जास्त विश्वासाचा. त्यात या ट्रकांची दोन शिखरे दिसतात: रिकाम्यांचे २८ ते ३६ हजार पौंडांच्या आसपास, भरलेल्यांचे ७० ते ८० हजारांत. दोन्ही एकाच बाजूला सरकली तर संशय कॅलिब्रेशनवर; एकच सरकले तर आधी मालवाहतूक बदलली का, ते पाहावे.

२००० नंतर अनेक राज्यांनी निधी एकत्र करून निवडक ठिकाणी बेंडिंग प्लेट (भाराखाली किंचित वाकणारी पट्टी) आणि क्वार्ट्झ सेन्सर ही वजनयंत्रे बसवली. यंत्राआधीचा रस्ता सपाट हवा, कारण उसळत्या ट्रकचे वजन खरे येत नाही. वजन माहीत असलेले ट्रक वेगवेगळ्या वेगांत आणि तापमानांत, किमान ४० फेऱ्या, यंत्रावरून नेले जाऊ लागले. एकूण वजनातली चूक ९५ टक्के विश्वासपातळीला १० टक्क्यांच्या आत हवी आणि अशा नोंदी वर्षातले किमान २१० दिवस हव्यात, असे ठरले.