क्रॉस-कंट्री माउंटन बाइक शर्यत: परवाना कोणाचा, गट कोणता, कागद कुठले

‘प्रोफेशनल रायडरचा फॉर्म कुठे मिळतो?’ हे विचारत फिरू नका, कारण असा फॉर्मच नाही. या खेळात पगारी रायडर आणि आठवडाभर नोकरी करून रविवारी घाट चढणारा, दोघेही ‘एलिट’ गटाचाच परवाना काढतात. पगारी रायडर बहुधा एखाद्या नोंदणीकृत संघाचा असतो, एवढाच फरक. त्यामुळे विचारायचे प्रश्न तीन: परवाना कोण देणार, माझा गट कुठला, आणि माझं नाव शर्यतीत कोण घालणार?

शर्यत कुठली तेही आधी ठरवा. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून खेळली जाते ती एक्ससीओ, म्हणजे ऑलिंपिक प्रकारची क्रॉस-कंट्री. काही किलोमीटरच्या खडतर फेरीला वेढे घालायचे, एलिटची शर्यत साधारण दीड तासाची. एक्ससीसी म्हणजे छोट्या फेरीची झटपट शर्यत, जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांची. एक्ससीएम म्हणजे मॅरेथॉन, ६० ते १६० किलोमीटर, आणि तिला १९ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही.

परवाना यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या नियमांनुसार मिळतो, पण स्वित्झर्लंडमधल्या एग्लला, तिच्या मुख्यालयात, अर्ज पाठवून उपयोग नाही. तुम्ही ज्या देशात कायम राहता तिथला राष्ट्रीय महासंघ तो देतो. भारतात सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडिया. राष्ट्रीय स्पर्धेत राज्य संघटना, रेल्वे, सेनादल असे संघ उतरतात, म्हणून आपल्याकडची वाट जिल्हा संघटना, राज्याची निवड चाचणी आणि मग राष्ट्रीय स्पर्धा अशी जाते. जिल्हा पातळीवर ओळखपाळख नसेल तर नुसते पाय दमदार असून भागत नाही, हे कटू असलं तरी खरं आहे. परवान्यासोबत ११ आकडी यूसीआय आयडी मिळतो. तो आयुष्यभर तोच राहतो, परवाना मात्र ३१ डिसेंबरला संपतो. जानेवारी-फेब्रुवारीत शर्यत असेल तर नूतनीकरण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

जर्मनीत किंवा अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी रायडरने परवाना तिथल्या महासंघाकडे मागायचा. पासपोर्ट भारतीय असेल तर जागतिक अजिंक्यपदासाठी निवड मात्र भारताचाच महासंघ करतो. या दोन गोष्टींची गल्लत हमखास होते.

गट ठरतो जन्मवर्षावरून. वाढदिवस कोणत्या महिन्यात येतो याला किंमत नाही. २०२६ च्या हंगामात २००८ आणि २००९ साली जन्मलेले ज्युनियर, २००४ ते २००७ चे २३ वर्षांखालचे, त्याआधीचे एलिट. ३१ डिसेंबर २००७ ला जन्मलेली मुलगी आणि दुसऱ्या दिवशी जन्मलेली तिची मैत्रीण वेगवेगळ्या गटांत धावतील. वयाने मोठ्यांना मास्टर्सचा परवाना घेता येतो, पण तो घेतला की एलिटच्या शर्यतीत उभं राहता येत नाही, म्हणून अर्जात त्यापुढे खूण करण्याआधी विचार करा.

आता कागद. जन्मदाखला, आधार, पासपोर्ट, फोटो, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, अपघात विमा, अठराच्या आतल्यांसाठी पालकांचं संमतीपत्र. हे सगळं स्कॅन करून एका जागी ठेवा आणि मूळ प्रती प्रवासात सोबत बाळगा. खरी अडचण कागद नसण्यापेक्षा नाव न जुळण्याची असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर वेगळा क्रम. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी आहे, कधी गायब. माझं ऐकाल तर पहिला अर्ज भरतानाच पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहा, कारण पुढे परदेशी शर्यतीची नोंद, निमंत्रणपत्र आणि व्हिसा, सगळं त्यावरच बेतलेलं असतं.

परवाना हातात आला की उत्तेजक चाचणीचे नियम लागू झालेच. आपल्याकडे चाचण्या नाडा, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था घेते. ‘स्पर्धेचा काळ’ आदल्या रात्री ११.५९ ला सुरू होतो. सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक मर्यादेपुढे सापडलं तर बंदीत मोडतं. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे. आजारपणामुळे निषिद्ध औषध घ्यावंच लागत असेल तर वैद्यकीय सूट आधी मागावी लागते. नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही. शेवटच्या रेषेपाशी लावलेली चाचणीची यादी वाचणं हीसुद्धा रायडरचीच जबाबदारी; ‘मला कोणी सांगितलं नाही’ चालत नाही.

यूसीआयच्या दिनदर्शिकेत शर्यती एचसी (सर्वांत वरची), सी१, सी२, सी३ अशा उतरत्या दर्जाच्या असतात. विश्वचषकाला थेट नाव घालता येत नाही. आधी खालच्या दर्जाच्या शर्यतींतून क्रमवारीचे गुण लागतात. राष्ट्रीय अजिंक्यपदालाही गुण असतात. आशियाई अजिंक्यपदासाठी महासंघच संघ पाठवतो. २०२३ मध्ये ती स्पर्धा पहिल्यांदाच भारतात, केरळातल्या पोनमुडीला झाली.

शर्यतीच्या जागी परवाना दाखवून नंबर घ्यायचा. हेल्मेट सक्तीचं, हँडलबारची टोकं बुचांनी बंद हवीत, बाहेरून पाणी-खाणं घ्यायचं ते फक्त फीड झोनमध्ये, म्हणजे त्यासाठी आखलेल्या जागी. सुरुवातीची जागा क्रमवारीनुसार, म्हणून गुण नसलेला रायडर शेवटच्या रांगेत आणि पहिल्या अरुंद पायवाटेवर त्याच्यापुढे गर्दी. त्यात ८० टक्क्यांचा नियम: आघाडीवाल्याची पहिली फेरी १५ मिनिटांची असेल आणि तुम्ही त्याच्यापेक्षा १२ मिनिटांहून मागे पडलात, तर पंच बाहेर काढतात. त्याने नाव निकालातून जात नाही. किती फेऱ्या राहिल्या त्या नोंदीसह क्रमांक लागतो, ‘शर्यत सोडली’ अशी नोंद होत नाही. निकालपत्रक बघून घ्या आणि प्रमाणपत्र जपून ठेवा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी कुठल्या दर्जाच्या स्पर्धेत कितवा क्रमांक आला हे बघतात, आणि क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडे पडताळणीला जातात ती हीच प्रमाणपत्रं.