नोकरी सुटल्यावर जीभ कितपत सुटते

१९ फेब्रुवारी १९८१ रोजी ॲपलमधल्या जेफ रास्किनने कंपनीचा अध्यक्ष माइक स्कॉट याला एक टिपण पाठवलं. मॅकिंटॉश या संगणकाची मूळ कल्पना रास्किनची, आणि तो प्रकल्प स्टीव्ह जॉब्स हळूहळू आपल्या हातात घेत होता. जॉब्ससोबत काम करणं कसं असतं, हा टिपणाचा विषय. ठरलेल्या भेटी चुकवतो, समोरच्याचं पुरतं ऐकून न घेता मध्येच तोडतो, मुदती हवेतल्या देतो, दिलेला शब्द पाळत नाही, अशी एकेक तक्रार त्यात मांडलेली आहे. त्यातली एक बारकाईने वाचण्यासारखी आहे: नवी कल्पना सांगितली की जॉब्स आधी ती मूर्खपणाची ठरवतो, आणि ती चांगली निघाली तर थोड्याच दिवसांत आपलीच असल्यासारखी चारचौघांत सांगत सुटतो.

त्याच महिन्यात अँडी हर्ट्झफेल्ड हा प्रोग्रॅमर या गटात दाखल झाला. सहकारी बड ट्रिबल याने त्याला वेळापत्रक दाखवलं. जानेवारी १९८२ मध्ये, म्हणजे जेमतेम दहा महिन्यांत, यंत्र बाजारात. हे होणारच नाही, असं हर्ट्झफेल्ड म्हणाला, तेव्हा ट्रिबलने जॉब्सबद्दल ‘रिॲलिटी डिस्टॉर्शन फील्ड’, म्हणजे समोरच्याला अशक्यही शक्य वाटायला लावणारं वलय, हे पुढे जगभर गाजलेले शब्द वापरले. ते त्याने ‘स्टार ट्रेक’ मालिकेतून उचलले होते. मग त्याने या माणसाला हाताळायची रीतही सांगून टाकली. आज एखादी गोष्ट भिकार किंवा अफलातून म्हणाला, तर उद्याही तेच म्हणेल असं धरू नकोस. कल्पना सांगितलीस तर तिला मूर्खपणा म्हणेल, आणि आवडली असेल तर बरोबर आठवड्याने तीच कल्पना स्वतःची म्हणून तुला ऐकवेल. यंत्र प्रत्यक्ष बाजारात आलं २४ जानेवारी १९८४ ला.

रास्किनची तक्रार आणि ट्रिबलचा सल्ला शेजारी ठेवून पाहा. मजकूर एकच आहे, सूर तेवढा वेगळा. ज्याच्या हातून प्रकल्प निसटत होता त्याने ते गाऱ्हाणं म्हणून लिहिलं; ज्याला तिथेच टिकायचं होतं त्याने ते काम निभावण्याची युक्ती म्हणून सांगितलं. रास्किन १९८२ मध्ये कंपनी सोडून गेला. त्याआधी, १० फेब्रुवारी १९८२ रोजी, गटातल्या सगळ्यांनी एका कागदावर सह्या केल्या आणि त्या यंत्राच्या प्लास्टिकच्या साच्यात कोरल्या गेल्या. पहिल्या मॅकिंटॉशचं मागचं कवच काढलं की आतल्या बाजूला जॉब्स, रास्किन, ट्रिबल आणि हर्ट्झफेल्ड या चौघांच्याही सह्या सापडतात.

कडक उद्योगपतींबद्दल माजी कर्मचारी काय सांगतात याचा मागोवा घेताना हा फरक हाताशी ठेवावा लागतो. स्वभावाबद्दलच्या ओळी मथळ्यात जातात. खरी पक्की माहिती मात्र दिवस कसा चालायचा, कागद कुठून कुठे जायचा, कोण कोणाला कधी विचारायचा, या सांगण्यात असते. तिथे दोन वैऱ्यांचंही म्हणणं जुळतं.

हा प्रकार संगणकाच्या युगात सुरू झालेला नाही. हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ मध्ये सरकती असेंब्ली लाइन आली. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, जोडायला जिथे साडेबारा तास लागायचे, तिथे पुढच्या वर्षी काम ९३ मिनिटांवर आलं. माणसं मात्र टिकेनात. सुमारे १४,००० कामगार उभे ठेवायला १९१३ या एका वर्षात ५२,००० हून अधिक जणांची भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर झाली, त्यामागचं मोठं कारण हेच. औदार्य म्हणून ती गोष्ट नंतर पुष्कळ रंगवली गेली.

पाच डॉलर सरसकट नव्हतेच. साधारण २.३४ डॉलर मजुरी, आणि उरलेला नफ्यातला वाटा. तो वाटा मिळवायला कंपनीच्या ‘सोशिऑलॉजिकल डिपार्टमेंट’च्या तपासनिसाची पसंती लागायची. हा माणूस थेट घरी यायचा. शिल्लक किती टाकता, दारू पिता का, घर स्वच्छ आहे का, भाडोत्री किती ठेवलेत, बायकोशी रीतसर लग्न झालंय का, सगळं विचारायचा. नापास झालात तर सुधारणा दिसेपर्यंत वाटा रोखला जायचा. या खात्याचा प्रमुख सॅम्युएल मार्क्विस हा मुळात धर्मगुरू. तो १९२१ मध्ये बाहेर पडला आणि १९२३ मध्ये, फोर्ड हयात आणि सत्तेत असतानाच, त्याने फोर्डवर पुस्तक लिहिलं. मालकाचं औदार्य आणि निष्ठुरपणा त्याने शेजारी शेजारी मांडले. आतून पाहिलेल्या वरिष्ठाने जिवंत मालकाबद्दल इतकं मोकळं लिहिणं तेव्हा अपूर्वाईचं होतं.

पुढची दोन नामांकित कथनं फोर्डच्या मृत्यूनंतरची. हॅरी बेनेट हा त्याच्या ‘सर्व्हिस डिपार्टमेंट’चा, म्हणजे नावाला सेवा आणि प्रत्यक्षात पहारा व दहशत, असा प्रमुख. २६ मे १९३७ रोजी फोर्डच्या रिव्हर रूझ कारखान्याच्या पुलावर युनियनच्या लोकांना झालेली मारहाण याच खात्याच्या माणसांनी केली. त्याला १९४५ मध्ये नारळ मिळाला आणि १९५१ मध्ये त्याचं आत्मकथन आलं. उत्पादन सांभाळणारा चार्ल्स सोरेन्सन सुमारे चाळीस वर्षांनी, १९४४ मध्ये कंपनीतून बाहेर पडला. त्याचं पुस्तक १९५६ चं. दोघेही मालकाच्या उजव्या हाताला बसणारे. दोघांच्या पुस्तकांत स्वतःची बाजू सावरण्याची खटपट लपत नाही.

लाइनवरच्या कामगाराला फोर्ड क्वचितच दिसायचा. त्याला दिसायचा मुकादम आणि बेनेटचा हेर. म्हणून त्याच्या आठवणीत वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली सर्वात बोलकी म्हणजे ‘फोर्ड व्हिस्पर’. कामावर बोलायला बंदी होती, तेव्हा ओठ न हलवता, चेहरा मशीनकडेच ठेवून शेजाऱ्याशी पुटपुटायची कला लोकांनी कमावली होती. अशा तपशिलाला मालकाच्या स्वभावाचं विश्लेषण लागत नाही.

हाकललेला माणूस मालकाची रीत सोबत घेऊन जातो, हेही याच काळात दिसलं. नॅशनल कॅश रजिस्टरच्या जॉन पॅटर्सनने थॉमस वॉटसनला घरी पाठवलं. वॉटसन १९१४ मध्ये ज्या कंपनीत गेला तिचं नाव १९२४ मध्ये आयबीएम झालं. ‘थिंक’ ही पाटी तो पॅटर्सनच्या कंपनीत असतानाची. आयबीएमच्या भिंतींवर ती नंतर लागली.

मायक्रोसॉफ्टपासून कथनांचा पोत बदलतो. आता लिहिणारे स्वतः प्रोग्रॅमर, आणि ते बैठकीचं शवविच्छेदन करतात. जोएल स्पोल्स्कीने १९९२ मध्ये झालेल्या बिल गेट्सच्या तपासणी बैठकीबद्दल २००६ मध्ये लिहिलं. एक्सेलमध्ये बेसिक भाषा घालण्याचा सुमारे ५०० पानांचा आराखडा आदल्या दिवशी गेट्सकडे गेला होता. बैठकीत स्पोल्स्कीला दिसलं की त्या कागदांच्या समासांत शेरे आहेत. गेट्सने तो वाचून आणला होता. प्रश्न एकापेक्षा एक कठीण होत जायचे, समोरचा ‘माहीत नाही’ म्हणेपर्यंत. मग तयारी न केल्याबद्दल खरडपट्टी. बैठकीत गेट्स किती शिव्या देतो हे मोजायला एक जण बसलेला असे. त्या दिवशी आकडा चार, म्हणजे विक्रमी कमी.

गेट्सचा शेवटचा प्रश्न तारखांचा होता. एक्सेलमध्ये दिवस क्रमांक १ म्हणजे १ जानेवारी १९००. बेसिकमध्ये ३१ डिसेंबर १८९९. हा एका दिवसाचा फरक पडला लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममुळे. त्या प्रोग्रॅमने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, आणि एक्सेलला त्याच्या फाइल बिनचूक उघडायच्या असल्याने ती चूक जशीच्या तशी ठेवावी लागली. नसलेला २९ फेब्रुवारी ओलांडला की १ मार्च १९०० पासून दोन्हींचे क्रमांक जुळतात. म्हणजे गोंधळ फक्त पहिल्या दोन महिन्यांपुरता. स्पोल्स्कीला उत्तर ठाऊक होतं, म्हणून तो वाचला. ही आठवण चौदा वर्षांनी लिहिलेली असली तरी तिचा हा भाग आजही कोणालाही तपासता येतो. आणि कर्मचारी किती वाजता येतात-जातात हे कळावं म्हणून आपण त्यांच्या गाड्यांचे नंबर पाठ केले होते, हे गेट्सनेच २०१६ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत कबूल केलं. मालकाच्या तोंडून आलेल्या दुजोऱ्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही.

ॲमेझॉनबद्दल माजी कर्मचाऱ्यांनी सर्वात जास्त यंत्रणा सांगितली आहे. ग्राहकाची तक्रार २०२१ पर्यंत कंपनीचा प्रमुख असलेल्या जेफ बेझोसच्या पत्त्यावर जायची. तो ती संबंधित माणसाला पुढे पाठवायचा, वर फक्त एक प्रश्नचिन्ह. ते आलं की हातातलं काम बाजूला. घडलं काय, मुळात का घडलं, पुन्हा घडू नये म्हणून काय बदललं, याचं उत्तर काही तासांत तयार करायचं, आणि ते बेझोसकडे जाण्यापूर्वी मधल्या वरिष्ठांच्या नजरेखालून काढायचं. इथेच घोळ व्हायचा: दोन-तीन पायऱ्यांची संमती, उत्तराची घाई, आणि प्रश्नचिन्ह एखाद्या किरकोळ अपवादावर आलं असलं तरी सगळा गट त्याच्यामागे. दुसरी रीत जून २००४ मधली. वरिष्ठांच्या बैठकांतून स्लाइड हद्दपार झाल्या, त्याऐवजी जास्तीत जास्त सहा पानी सलग गद्य. बैठकीची पहिली वीस-पंचवीस मिनिटं सगळे गुपचूप वाचत बसतात. बुलेट पॉइंटमध्ये कच्चा युक्तिवाद लपतो, वाक्यात लपत नाही, हे त्यामागचं कारण. ते सहा पानी टिपण लिहिण्यात किती रात्री जातात, हे मात्र लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

ऑगस्ट २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने शंभराहून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलून या कंपनीवर दीर्घ लेख छापला. बेझोसने कर्मचाऱ्यांना पत्र लिहून सांगितलं, की लेखातली ॲमेझॉन आपल्या ओळखीची नाही. ऑक्टोबरमध्ये कंपनीने जाहीर उत्तर दिलं, आणि त्यात लेखातल्या एका माजी कर्मचाऱ्याने नोकरी कोणत्या परिस्थितीत सोडली हे उघड केलं. संपादकांनी त्याच दिवशी प्रत्युत्तर दिलं. बोलणारा गेला कसा, हे कंपनीच्या हातातलं पहिलं हत्यार असतं, आणि ते नाव छापून बोलणाऱ्यावरच चालतं. मग बाकीचे निनावी बोलतात, आणि निनावी आहेत म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवू नका, असंही सांगितलं जातं.

लोक मुळात गप्प का बसतात, याचं उत्तर स्वभावात कमी आणि कागदात जास्त आहे. अमेरिकेत नोकरी गेल्यावर भरपाई द्यायलाच हवी असा सर्वसाधारण कायदा नाही. कंपनी काही महिन्यांचा पगार देऊ करते, त्या बदल्यात करारावर सही घेते. त्यात दावे सोडून देणं, गोपनीयता, आणि कंपनीबद्दल वाईट न बोलण्याचं कलम, हे तीन भाग नेहमीचे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने वयाच्या भेदभावाचा दावा सोडायचा असेल तर १९९० च्या कायद्याप्रमाणे विचाराला २१ दिवस, सामूहिक कपातीत ४५ दिवस, आणि सहीनंतर माघारीला ७ दिवस द्यावे लागतात. त्याहून तरुण माणसाला ही सवलत नाही. शिवाय स्टॉक ऑप्शन, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क. बऱ्याच कंपन्यांत ते नोकरी सुटल्यापासून ९० दिवसांत रोख पैसे भरून घ्यावे लागतात, नाहीतर बुडतात. ज्याने घेतले त्याची पुंजी पुढेही त्याच मालकाच्या नावाशी बांधलेली राहते. त्याच्याकडून येणारी स्तुती खोटी असते असं नाही, पण तिची किंमत ठरवताना ही गाठ माहीत असलेली बरी.

अलीकडे हे पाश थोडे सैल झाले. शेअर बाजार नियामकाकडे तक्रार नेण्यापासून कोणालाही कराराने अडवता येत नाही, हा नियम २०११ पासून आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून छळ आणि भेदभावाबद्दल बोलण्यावर कराराने बंदी घालणं अवघड झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार मंडळाने निवाडा दिला, की भरपाईच्या बदल्यात सरसकट तोंड बंद ठेवायला लावणारा करार नुसता पुढे करणंही बेकायदा आहे. मे २०२४ मध्ये ओपनएआयच्या निर्गमन करारातलं कलम बाहेर आलं: टीका केलीत तर कमावलेली हिस्सेदारीही जाऊ शकते. गवगवा झाल्यावर कंपनीचा प्रमुख सॅम ऑल्टमनने माफी मागितली आणि कंपनीने जुन्या कर्मचाऱ्यांना त्यातून मोकळं केलं.

इलॉन मस्कच्या बाबतीत तर साक्षी लेखीच मिळतात, कारण तो हुकूम ईमेलने सोडतो. ट्विटरचे निम्मे लोक ४ नोव्हेंबर २०२२ रोजी काढल्यानंतर १६ तारखेला उरलेल्यांना मेल गेला: यापुढे ‘हार्डकोअर’ काम, मान्य असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवा, नाहीतर तीन महिन्यांचा पगार घ्या. त्याआधी जूनमध्ये स्पेसएक्समधल्या काही जणांनी मस्कच्या वागण्याबद्दल अंतर्गत खुलं पत्र फिरवलं आणि त्यांना काढण्यात आलं. अशा आठ जणांच्या बाजूने कामगार मंडळाच्या अधिकाऱ्यांनी जानेवारी २०२४ मध्ये कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली.

कामगार मंडळ ज्या १९३५ च्या कायद्यावर चालतं, त्यात १९४७ च्या दुरुस्तीने एक मोठी फट पडली. ज्याच्या हाताखाली माणसं आहेत आणि ज्याला त्यांना कामावर घ्यायचा, काढायचा किंवा शिक्षा करायचा अधिकार आहे, तो ‘सुपरवायझर’ या संरक्षणात बसत नाही. त्यामुळे मालकाच्या खोलीबाहेर बसलेला कनिष्ठ सहकारी एक वेळ बोलू शकतो. रोज त्या खोलीत बसणारा विभागप्रमुख, ज्याने प्रत्येक हुकूम स्वतः ऐकला आणि खाली पोचवला, त्याच्या करारातलं कलम बहुतेक वेळा तसंच लागू राहतं.