ऑब्जेक्ट-ओरिएंटेड वेब फ्रेमवर्क : रचना

वेब-ॲप लिहिताना दर वेळी लागणारी ठरावीक कामे आधीच करून, ती क्लासांमध्ये वाटून ठेवलेला सांगाडा म्हणजे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड वेब फ्रेमवर्क. ब्राउझरकडून आलेली रिक्वेस्ट वाचणे, ती योग्य कोडपर्यंत पोचवणे, डेटाबेसशी बोलणे, लॉगिन तपासणे, पान तयार करून परत पाठवणे ही ती कामे. लायब्ररी आणि फ्रेमवर्क या दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. लायब्ररीला आपला कोड बोलावतो, तर फ्रेमवर्क आपल्या कोडला बोलावते. त्यामुळे फ्रेमवर्क शिकणे म्हणजे बहुतांशी एकच गोष्ट शिकणे असते : कोणता कोड कुठे ठेवला की तो केव्हा बोलावला जाईल.

क्लास आणि ऑब्जेक्ट समजावायला कोल्हापुरात कारखान्यांचे उद्यमनगर जवळ आहे. फाउंड्रीत पॅटर्न एकदा बनतो, त्यावरून वाळूचे साचे काढतात आणि प्रत्येक साच्यात एक कास्टिंग ओततात. क्लास म्हणजे पॅटर्न, ऑब्जेक्ट म्हणजे कास्टिंग. कास्टिंग आतून पोकळ हवे असेल तर साच्यात वाळूचा कोअर बसवतात. कोअर बदलला की बाहेरचा आकार तोच राहून आतली पोकळी बदलते. फ्रेमवर्कचा मूळ क्लास घेऊन त्यातली एखादी मेथड, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, आपण नव्याने लिहितो तेव्हा हेच करतो. बाहेरचा आकार त्याचा, कोअर आपला. ही तुलना एका जागी मात्र थांबते. ओतून झालेल्या कास्टिंगचा पॅटर्नशी संबंध संपतो. ऑब्जेक्ट आयुष्यभर आपल्या क्लासच्याच मेथड वापरत राहतो.

क्लास आणि ऑब्जेक्टची कल्पना नॉर्वेत तयार झालेल्या ‘सिम्युला ६७’ या भाषेतून आली. माहिती सांभाळणारे मॉडेल, ती पडद्यावर मांडणारा व्ह्यू आणि वापरणाऱ्याची मागणी घेऊन दोघांना कामाला लावणारा कंट्रोलर, ही मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर विभागणी ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ साली अमेरिकेतील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात, स्मॉलटॉक भाषेत काम करताना मांडली. तेव्हा वेब नव्हते. ही मांडणी संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांसाठी होती. वेबवर ती पुढे स्ट्रट्स, स्प्रिंग, २००४ मधील रेल्स, २००५ मधील जँगो व सिम्फनी आणि २०११ मधील लाराव्हेल या फ्रेमवर्कांनी रुळवली. रेल्स एका चालू व्यावसायिक ॲपमधून वेगळे काढलेले आहे आणि जँगो अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत रोजच्या गरजेतून घडले. त्यांची रचना हाताला बसते याचे श्रेय या जन्मकथेला द्यायला हवे.

एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या अडत दुकानात शेतकऱ्याचे गुळाचे रवे सौद्यात विकले जातात. हमाली, तोलाई वजा जाता हाती किती येणार याची पट्टी त्याला मिळते. ही पट्टी मोबाइलवर दाखवणारे ॲप आहे असे धरू. शेतकऱ्याने १२७ क्रमांकाची पट्टी उघडली की रिक्वेस्ट आधी मिडलवेअरमधून, म्हणजे वाटेवरच्या तपासणी-थरांच्या साखळीतून, जाते. सेशन (त्या वापरणाऱ्याची चालू भेट) ओळखणे, लॉगिन तपासणे ही कामे इथे एकामागून एक होतात आणि उत्तर परतताना तीच साखळी उलट क्रमाने पार होते. म्हणून क्रम चुकवून चालत नाही. सेशन उघडण्याआधी लॉगिन तपासायला गेले तर प्रत्येक जण अनोळखीच ठरेल. मग राउटर पत्ता वाचून कंट्रोलरच्या एका मेथडला हाक मारतो, ती मॉडेलकडून पट्टी मागवते आणि व्ह्यूकडे मांडायला देते. जँगोत नावे सरकलेली आहेत : तिथे कंट्रोलरचे काम ‘व्ह्यू’ करतो आणि मांडणी ‘टेम्प्लेट’ करते. रेल्सवरून जँगोकडे येणारा माणूस पहिला आठवडा इथेच अडखळतो.

खरा कस मॉडेलमध्ये लागतो. मॉडेल म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलचे चित्र, एवढ्यावर बरेच जण थांबतात आणि हिशोब कंट्रोलरमध्ये लिहितात. एका दुकानाच्या ॲपमध्ये याचा परिणाम प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. छापील पट्टीचा हिशोब एका कंट्रोलरमध्ये, मोबाइलचा दुसऱ्यात. हमाली रव्यामागे ५० पैशांनी वाढली आणि बदल एकाच ठिकाणी झाला. ४० रव्यांच्या पट्टीत कागदावर एक रक्कम, फोनवर २० रुपये जास्त. शेतकरी दोन्ही हातांत धरून काउंटरवर उभा होता आणि त्याचा प्रश्न रास्त होता : यातले खरे कोणते? ‘पट्टी’ या क्लासमध्ये ‘निव्वळ रक्कम’ अशी एक मेथड असती, तर दोन्हीकडे तीच बोलावली गेली असती. जिथे माहिती, तिथेच तिचा हिशोब. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीचा हा गाभा आहे.

मॉडेल आणि डेटाबेस जोडणाऱ्या थराला ओआरएम म्हणतात. रेल्स, जँगो व लाराव्हेलमध्ये ऑब्जेक्ट स्वतःला स्वतःच साठवतो. या पद्धतीला ‘ॲक्टिव्ह रेकॉर्ड’ म्हणतात. सिम्फनीसोबत सहसा वापरल्या जाणाऱ्या डॉक्ट्रिन या ओआरएममध्ये साठवण्याचे काम वेगळ्या ऑब्जेक्टकडे असते. पहिली पद्धत शिकायला सोपी, दुसरी मोठ्या कामात नीटस. दोन्हींत एक खड्डा सारखाच आहे. ५० पट्ट्यांच्या यादीत प्रत्येकीसमोर शेतकऱ्याचे नाव छापायचे म्हटले, की बेसावध कोड यादीची १ आणि नावांच्या ५० अशा ५१ क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारणा, करतो. शेतकरीही आधीच सोबत मागवले तर १ किंवा २ क्वेरींत काम होते. सोय प्रत्येक फ्रेमवर्कमध्ये आहे, पण ती मागावी लागते.

एका ऑब्जेक्टला दुसरा लागतो तेव्हा तो आत तयार न करता बाहेरून हाती देतात. हे डिपेन्डन्सी इंजेक्शन. जोडणी करण्याचे काम फ्रेमवर्कमधला कंटेनर नावाचा भाग करतो. स्प्रिंगची सगळी उभारणी याच कल्पनेवर आहे. पट्टी तयार झाल्यावर एसएमएस पाठवणारा ऑब्जेक्ट असा बाहेरून दिला असेल तर टेस्ट चालवताना त्याच्या जागी खोटा पाठवणारा बसवता येतो. नाही तर टेस्टच्या पट्टीचा मेसेज रात्री अकरा वाजता खऱ्या शेतकऱ्याला जातो.

फोल्डरांची मांडणी दोन तऱ्हांची असते. रेल्स व लाराव्हेल थरानुसार फोल्डर करतात : मॉडेल एकीकडे, कंट्रोलर दुसरीकडे. जँगोत विषयानुसार ‘ॲप’ पाडतात. सौदा, शेतकरी, हिशोब असे प्रत्येकाचे सगळे थर एकत्र. काम वाढले की दुसरी तऱ्हा अधिक सोसते. रेल्समध्ये क्लासचे नाव एकवचनी आणि टेबलचे अनेकवचनी असा संकेत आहे आणि अनेकवचन इंग्रजी व्याकरणाने होते. त्यामुळे रोमन लिपीत ‘शेतकरी’ असा क्लास लिहिला की रेल्स त्यापुढे ‘एस’ लावलेले टेबल शोधते. मराठी नावे वापरायची तर टेबलचे नाव स्वतः लिहून द्यावे.

टेबलमधला प्रत्येक बदल मायग्रेशन नावाच्या क्रमवार फाइलमध्ये नोंदतात, म्हणजे तोच बदल प्रत्येक संगणकावर त्याच क्रमाने होतो. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे गूळ सौदे निघतात. दुकानाच्या सर्व्हरवर नव्या हंगामाची मायग्रेशन त्याआधी, आदल्या दिवसाचा बॅकअप हाताशी ठेवून चालवावीत.